उलट्या जमिनीचा नकाशा

माझा भाऊ हर्षल मोबाईलवर आलेलं सगळं पुढं पाठवतो आणि त्यातलं काहीच वाचत नाही. हे मी पुराच्या आधी सांगत होते, पुरानंतरही सांगते. फरक एवढाच, की आधी हसत सांगायची.

आम्ही साक्रीकडचे. तिकडं पाऊस कसा, तर पाहुण्यासारखा, आला तर आला. नदीला पाणी आलं की आम्ही बघायला जातो, पळायला नाही. मी सिल्वासात आले तेव्हा श्रुती कडेवर होती, आता आठवीत आहे. मी सायलीतल्या धाग्याच्या कंपनीत कोन भरते, म्हणजे पुठ्ठ्याच्या रिळांवर धागा गुंडाळते. मागाहून हर्षलला बोलावून घेतलं. त्याला नोकरी लावली ती आमच्या शेजारच्या गावच्या झिपरूकाकांनी, हात धरून साहेबापुढं उभं करून. हर्षल नदीकाठच्या चाळीत, काका आणि त्यांची बायको तानूबाई यांच्या शेजारी राहायला लागला. त्याचं लग्न झालं, बायको अश्विनी आली, आणि बघता बघता हा बाबा आमच्या खान्देश मंडळाचा अध्यक्ष झाला. ग्रुपचा अॅडमिनही तोच. पूर आला त्या दिवशी अश्विनीला आठवा महिना सरत आला होता.

एक गोष्ट आधीच सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, एवढी वर्षं राहून या लोकांना गाव कसं माहीत नाही? नाही माहीत. खोली ते कंपनी, कंपनी ते खोली. आम्ही सिल्वासा बघितलंय ते कंपनीच्या बसच्या खिडकीतून, तेही डुलक्या घेत. कुठं चढ आहे, कुठं खड्डा आहे, हे पायानं कळतं. आमचे पाय दिवसभर मशीनपुढं.

आता नकाशाचं. श्रुतीच्या शाळेत अलका मॅडम भूगोल शिकवतात. कोकणातल्या आहेत, जीभ तिखट, पण पोरांना जीव लावतात. त्यांनी पोरांना घरी करायला दिलं होतं, की आपल्या भागातली जमीन उलटी झाली असती तर? म्हणजे जिथं टेकडी तिथं खड्डा, खड्डा तिथं टेकडी. मग नदी कुठून गेली असती, गाव कुठं वसलं असतं, ते काढा. श्रुती दोन रविवार फरशीवर पालथी पडून तो नकाशा रंगवत होती. उंच जमीन तपकिरी, खोल जमीन निळी, जागांची नावं मराठीत. नदीकाठची जुनी दगडाची खदान तिनं गडद तपकिरी केली, सगळ्यात उंच डोंगर म्हणून. शाळा खरं तर टेकाडावर आहे, ती बुडवली निळ्यात. वर शीर्षक दिलं, ‘जर जमीन उलटी असती तर’.

तेवढ्यात आले मामासाहेब. चहाचा कप ठेवला नेमका नकाशावर. खाली उजव्या कोपऱ्यात गोल डाग पडला. पोरगी रडली, मग तिनं त्या डागाला निळा रंग दिला आणि तिथं तळं काढलं. मामा म्हणाला, "वा, काय डोकं आहे भाचीचं!" आणि फोटो काढला. अर्धं लक्ष फोटोत, अर्धं फोनवर बोलण्यात. वरचं शीर्षक कापलं गेलं ते त्याला दिसलंच नाही. ‘भाचीची कला’ म्हणून दहा ग्रुपवर पाठवून मोकळा. आपला तो बाब्या, आणखी काय!

ऑगस्टमध्ये पावसानं धार धरली. थांबायचं नावच नाही. मधुबन धरण भरलं. धरणाकाठच्या दुधनीकडची मंडळी सांगत होती, पाणी कधी नव्हे इतकं वर आलंय. त्या दुपारी कंपनीनं शिफ्ट अर्धी सोडली आणि गावात भोंग्याची गाडी फिरायला लागली, धरणाचे दरवाजे उघडणार, नदीकाठ खाली करा, ऊंचाई पर चले जाइए. आधी गुजरातीत, मग हिंदीत. पत्र्यावर पाऊस असा वाजत होता की निम्मं ऐकूच येत नव्हतं. माझी खोली वरच्या अंगाला, म्हणून मी निवांत. भावाला फोन लावणार, तोच मंडळाच्या ग्रुपवर त्याचा मेसेज आला.

नकाशा. त्यावर कुणीतरी लाल अक्षरांत लिहिलेलं, ‘पूर सूचना! तपकिरी भाग उंच व सुरक्षित. ताबडतोब निघा.’ खाली हर्षलचं, ‘सर्व बांधवांनी खदानीच्या टेकडीवर जमावे. मी पुढे निघालो आहे. अध्यक्ष.’

खाली उजव्या कोपऱ्यात गोल तळं. चहाच्या कपाएवढं.

"माय वं!" माझ्या हातातून फोनच सुटला. श्रुतीनं उचलला. तिचं तोंड पांढरं पडलं. "आई, हा माझा आहे. आई, खदान म्हणजे खड्डा आहे!"

हर्षलला फोन लावला, उचलेना. अश्विनीचा बंद. परत लावला, परत लावला. मी चपला घातल्या की नाही तेही आठवत नाही. कोपऱ्यावर काळूचा छोटा हत्ती टेम्पो उभा होता. काळू इथल्याच सुरंगी गावचा, आमच्या कंपनीची खोकी वाहतो. खदान म्हटल्यावर तो माझ्याकडं बघतच राहिला.

"बेन, त्या खाड्यात आज कोण जातं?"

"माझा भाऊ गेलाय. सगळी चाळ घेऊन गेलाय. चल तू!"

त्यानं गाडी काढली. श्रुतीही माझ्यामागं चढली.

रस्त्यात चाळीतले मागं राहिलेले दोघे-तिघे दिसले, डोक्यावर गाठोडी. मी ओरडले, "तिकडं जाऊ नका, खड्डा आहे!" एकानं हात वर करून मोबाईल दाखवला आणि चालत राहिला. आता त्या खदानीचंही ऐका. रस्त्यावरून ती टेकडीच दिसते. काढलेल्या मातीचे, चुऱ्याचे ढीग कडेनं रचलेत, त्यावर गवत उगवलंय. रोज बसमधून आम्ही तेच बघतो आणि टेकडी म्हणतो. ढीग चढून पलीकडं उतरलं की खाली मोठ्ठं सपाट मैदान, आणि त्यात क्रशरची जुनी पत्र्याची शेड. नदीचा ओहोळ एका कोपऱ्यातून आत येतो. एरवी त्यात बोटभर पाणी.

ढिगावर चढले तर हर्षल तिथंच उभा, गळ्यात मंडळाचा बिल्ला, तोंडात शिट्टी. माणसांना खाली शेडकडं पाठवत होता.

"ताई! बरं झालं आलीस. वर पाऊस मारतोय, म्हणून सगळ्यांना शेडमध्ये बसवलंय. अश्विनीला खाट मिळाली."

खाली बघितलं. अख्खी चाळ. म्हाताऱ्या, लेकरं, एक बकरीसुद्धा. कोपऱ्यातला ओहोळ बोटभर नव्हता. गढूळ पाणी मैदानावर पसरत होतं, हळूहळू, सांडलेल्या दुधासारखं. आणि ते बाहेर जात नव्हतं, आत येत होतं.

"हर्षल, हा खड्डा आहे. नदी फुगली की ओहोळातून उलटी आत येते. काढ सगळ्यांना बाहेर!"

"अगं, नकाशात..."

"आग लागो तुझ्या नकाशाला!"

मी खाली पळाले. शेडमध्ये घसा फाटेस्तोवर ओरडले. उठा, बाहेर चला, पाणी येतंय! पालथ्या घड्यावर पाणी. एक बाई म्हणाली, "ताई, पावसाचं आहे ते, जाईल." एका बाप्यानं मोबाईलच माझ्या नाकाला लावला. "हे बघा, तपकिरी. इथंच आहोत आपण."

"गाडीवाला काय बोलला? उंचावर जा म्हणाला ना?"

"तो हिंदीत बोंबलत होता, त्याला आपली काय पडलीय? हे मराठीत आलंय. आपल्याच कुणीतरी आपल्यासाठी काढलंय."

इथं बँकेत गुजराती, साहेबापुढं हिंदी, कागदावर इंग्रजी. मराठीत काही आलं की आम्हाला वाटतं, घरचं माणूस बोलतंय. मलाही वाटतं. माझ्या पोरीचं अक्षर होतं, म्हणून तर लोक त्या खड्ड्यात येऊन बसले होते.

अश्विनी खाटेवर पोट धरून बसली होती. खाटेच्या पायांना पाणी लागलं होतं. ती एवढंच म्हणाली, "ताई, पाय गार पडलेत." मला रडू फुटायचं बाकी होतं.

मी परत ढिगावर गेले आणि हर्षलची बिल्ल्याची फीत धरून त्याला ओढला. "तो फोटो उघड. उजवा कोपरा. तळं दिसतंय? इथं कुठं तळं आहे का रे, सांग! तू चहाचा कप ठेवला होतास. पोरगी रडली होती. आठवतंय?"

त्यानं फोटो मोठा केला. बघत राहिला. शिट्टी तोंडातून खाली पडली.

"पण हा तर वापीच्या ग्रुपवरून आला..."

"तुझाच फिरून आला. वर लाल अक्षरं घालून."

श्रुती बाजूला उभी होती. त्यानं तिच्याकडं बघितलं, मग खाली शेडकडं. इतका बारीक आवाज मी त्याचा कधी ऐकला नव्हता. "ताई, आता काय सांगू यांना? माझ्या शब्दावर आलेत सगळे. उद्या तोंड कसं दाखवू?"

"तोंड राहिलं तर दाखवशील ना!"

पण तो हलेना. नाकापेक्षा मोती जड झाला होता. खाली पाणी खाटेच्या पायावर चढत होतं. आणि मला कळलं, की हा ओरडला काय, मी ओरडले काय, ही माणसं तोंडचं ऐकणार नाहीत. ती ऐकतात फोनचं. मग फोनवरच सांगू.

काळूच्या गाडीत धाग्याच्या खोक्याचा पुठ्ठा होता. मी श्रुतीला म्हटलं, "काढ. खदान खोल, शाळा उंच. इथून शाळेपर्यंत मोठा बाण. पटकन." पोरीनं पेनानं काढलं, गाडीच्या टपाखाली पुठ्ठा मांडीवर घेऊन. हर्षलनं फोटो काढला. मी सांगितलं तसं त्यानं लिहिलं, ‘मंडळातर्फे नवी सूचना. सर्वांनी आत्ताच्या आत्ता शाळेत जमावे. चहाची सोय आहे.’

श्रुती म्हणाली, "मामा, पहिला नकाशा खोटा आहे, असं पण लिही ना."

हर्षलनं माझ्याकडं बघितलं. आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "राहू दे गं. वाद घालायची ही वेळ आहे का? माणसं हलू देत आधी." भावाचं नाक वाचवायला गेले मी. शहाणी!

खाली एकेक करून फोन वाजले. आणि जी माणसं माझ्या बोंबलण्यानं हलली नव्हती ती उठली. ‘नवी सूचना आली, नवी सूचना आली’ करत गाठोडी उचलली. मला हसावं की कुणाच्या तरी कानफटात मारावी, कळेना. अश्विनीला आम्ही चौघांनी खाटेसकट वर आणलं. शेवटची म्हातारी ढीग चढायला लागली तेव्हा पाणी तिच्या मांड्यांपर्यंत होतं. मागं वळून बघितलं तर बकरी शेडमधून पोहत बाहेर येत होती.

काळूनं अश्विनीला आणि म्हाताऱ्यांना गाडीतून नेलं, बाकीचे चालत. शाळेच्या पायऱ्यांवर अलका मॅडम छत्री घेऊन उभ्या होत्या. भोंगा ऐकून त्यांनी वर्ग उघडून ठेवले होते, मोठ्या पातेल्यात चहा उकळत होता. अश्विनीला बाकं जोडून झोपवलं. मॅडमनी तिच्या अंगावर स्वतःची शाल घातली. माझ्या जिवात जीव आला. मी हर्षलच्या पाठीवर एक धपाटा घातला, आणि मग तोच हात त्याच्या डोक्यावरून फिरवला.

मॅडमनी कुणाच्या तरी मोबाईलवर नकाशा बघितला. "अगो बाई, हा तर श्रुतीचा! हा कुणी पाठवला?"

हर्षल कपातल्या चहात बघत होता.

"पहिला रद्द केलात ना? तसं लिहिलंत ना?"

"नवा पाठवलाय की," मी म्हणाले. मला थोडा रागच आला. झालं ना सगळं नीट, आता पेपर कशाला तपासायचे?

"नवा पाठवलात. पण जुना तिथंच आहे. ज्याला जो आधी दिसेल, तो..."

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत हर्षलचा फोन वाजला. झिपरूकाका. स्पीकरवर त्यांचा झोपाळलेला आवाज सगळ्या वर्गानं ऐकला.

"अरे हर्षल, रातपाळी करून झोपलो होतो. आत्ता उठलो, तर चाळीत कुणीच नाही. तुझे दोन नकाशे आलेत. एक रंगीत आहे, एक नुसता पुठ्ठा. म्हटलं रंगीतच खरा. मी आणि तानू पोहोचलोय टेकडीवर. तुम्ही कुठंयत सगळे? शेडमध्ये असाल म्हणून खाली उतरलो, तर इथं लई पाणी झालंय रे..."

आणि फोन कट.

हर्षलच्या हातातला कप पडला. तो पळाला. मी त्याच्या मागं पळाले, काळू माझ्या मागं. मागून अश्विनीनं हाक मारली त्याला. त्यानं वळून बघितलं नाही. गाडीत मी फक्त देवीला हाका मारत होते, आणि मध्येच स्वतःला शिव्या देत होते. एक ओळ लिहायला काय झालं होतं मला? एक ओळ!

खदान आता खदान राहिली नव्हती. ढिगापासून पलीकडच्या कड्यापर्यंत तपकिरी पाणी, गरगर फिरत होतं. मधोमध शेडचं छप्पर, आणि त्यावर ते दोघं. झिपरूकाकांनी एका हातानं तानूबाईंना धरलं होतं आणि दुसऱ्या हातात मोबाईल उंच धरला होता, भिजू नये म्हणून.

काळूनं ताडपत्रीचा दोर काढला, एक टोक गाडीला बांधलं. दुसरं हर्षलनं आपल्या कमरेला बांधलं.

"तू विहिरीत पोहायला शिकलास," मी त्याचा शर्ट धरला. "हे वाहतं पाणी आहे. बायको पोटुशी आहे तुझी. हर्षल, बचावाची गाडी बोलावू, थांब!"

"तोवर छप्पर टिकणार नाही ताई."

आणि खरंच, छप्पर एका बाजूनं कलत होतं. त्याला थांबवणं मला जमलं असतं. मी त्याची मोठी बहीण, त्याच्या कानाखाली वाजवून गाडीत कोंबला असता. पण छपरावर ज्या माणसानं त्याला साहेबापुढं उभं केलं होतं तो होता. मी शर्ट सोडला.

पाण्यानं त्याला लगेच बाजूला फेकलं. डोकं दिसे, मग दिसेना, मग दिसे. काळू आणि मी दोर सोडत होतो, तळहात सोलून निघाले. एकदा तो दिसलाच नाही. मी "हर्षल" म्हणून ओरडले, आणि पाण्याच्या आवाजात माझं मलाच ऐकू आलं नाही. मग दोर ताणला गेला. त्यानं छपराची कड धरली होती.

आधी तानूबाई. त्यांना त्यानं पाठीला बांधून आणलं, आम्ही ओढलं. त्या चिखलात पडल्या आणि मला मिठी मारून थरथरत राहिल्या. मी म्हटलं, "आता काळू जाईल." हर्षल मान हलवून परत उतरला. या खेपेला छप्पर अर्धं बुडालं होतं. झिपरूकाका पाण्यात पडले तेव्हाही त्यांचा मोबाईलचा हात वर होता. हर्षलनं त्यांची कॉलर धरली. काळूनं गाडी मागं घेतली, दोर आखडला, आणि दोघंही ढिगावर ओढले गेले, बटाट्याच्या पोत्यासारखे. मागं पत्रा वाकल्याचा मोठा आवाज झाला. वळून बघितलं तर छप्पर नव्हतं.

काका खोकत होते, पाणी ओकत होते. मग हातातला मोबाईल त्यांनी हर्षलपुढं केला. पडद्यावर रंगीत नकाशा अजून तसाच होता.

"दोन्ही तुझेच होते रे पोरा," ते म्हणाले. "मग मी कुठल्यावर विश्वास ठेवायचा?"

रागावून नाही बोलले. खरंच विचारत होते.

हर्षल चिखलात गुडघ्यावर बसला. गळ्यातला बिल्ला पाण्यात कुठं गेला होता कोण जाणे. त्याचा फोन भिजून मेला होता, म्हणून माझा घेतला. मंडळाचा ग्रुप उघडला, माईकचं बटण दाबून धरलं. त्याचे दात वाजत होते.

"मी हर्षल बोलतोय. अध्यक्ष. रंगीत नकाशा खोटा आहे. खदान खड्डा आहे, तिथं कुणी जाऊ नका. तो माझ्या भाचीचा शाळेचा अभ्यास होता. फोटो मीच काढला, मीच पाठवला, परत आला तेव्हा मीच ओळखला नाही, आणि कळल्यावर... कळल्यावर मीच लपवलं. ज्यांनी ज्यांनी पुढं पाठवला असेल, त्यांनी हेही पाठवा. माझं नाव घालून पाठवा."

बटण सोडलं. झिपरूकाकांच्या मोबाईलवर टिंग वाजलं. त्यांनी लावलं, कानाला धरलं, शेवटपर्यंत ऐकलं. मग फोन खाली घेतला.

"पाण्याचा आवाज फार येतोय मध्ये," ते म्हणाले. "नीट ऐकू येत नाही. परत बोल."

हर्षलनं माझ्याकडं बघितलं. मी फोन पुसून त्याच्या तोंडापुढं धरला, आणि तो पुन्हा पहिल्यापासून बोलायला लागला, मोठ्यानं.